मोटार भरून घ्यायची की नवी आणायची?

आम्ही कोयनानगरहून, आमच्या बचत गटाच्या वतीनं बोलतोय.

आज आम्ही पोहण्याच्या हौदाच्या मोटारीची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्या दारात कुठला आलाय पोहण्याचा हौद! पण विहिरीवरची मोटार असो, पिठाची गिरणी असो नाहीतर शेवयाचं मशीन, ते जुनं झालं की घरात हाच वाद होतो. एक म्हणतं दुरुस्त करू, दुसरं म्हणतं टाका ते, नवं घ्या. आमच्याकडे हा वाद थेट गटाच्या सभेत आला, कारण पैसा गटाचा होता.

आमच्या गटातल्या एक ताई पाहुण्यांना राहायला दोन खोल्या देतात. धरण, शिवसागर, नेहरू उद्यान बघायला माणसं येतात, ती त्यांच्याकडे उतरतात. मागच्या अंगणात वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल असा हौद आहे. मुलंबाळं असलेले पाहुणे त्या हौदासाठीच येतात. त्यांच्या भाकरी आमच्यातल्या दोघी करतात, पापड-लोणची बाकीच्या देतात. म्हणजे हौद बंद पडला की सहा-सात घरांची मिळकत थांबते.

मे महिन्यात एक दिवस पाहुण्यांचा मुलगा काठावरून ओरडला, "आजी, पाण्यात हात घातला की झिणझिण्या येतात!" ताईंनी आधी मेन स्विच पाडला, मगच मुलांना बाहेर काढलं. देवाची कृपा, कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री आमच्यापैकी कुणाला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आले. त्यांनी सगळाच संच बदलायला सांगितला. मोटार, फिल्टर, पाइप, सगळं नवं, सत्तर हजार रुपये. मोटार भरणारे दादा म्हणाले, तीन हजारात भरून देतो. ताईंनी गटाकडे सत्तर हजारांचं कर्ज मागितलं. सभेत दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, "पैसे काय झाडाला लागलेत? भरून घ्या." दुसऱ्या म्हणाल्या, "पोराच्या जिवाशी खेळ नको, सगळं नवं आणा." खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर होतं. पण संचातलं नेमकं काय बिघडलंय, हे तोवर कुणीच बघितलं नव्हतं.

म्हणून आम्ही कर्जाचा ठराव आठ दिवस पुढे ढकलला आणि ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यांना दिवसाची मजुरी दिली आणि एकेक वस्तू उघडून बघायला लावली. त्यांना काही विकायचं नव्हतं, म्हणून त्यांचं बोलणं आम्हाला सरळ वाटलं.

पहिली गोष्ट, वीज. अर्थिंगची तार गंजून तुटलेली होती. गळती झाली की आपोआप पडणारी कळ बसवलेलीच नव्हती. तिला आरसीसीबी म्हणतात. माणसाच्या जिवासाठी ती 30 मिलिअँपिअरची लागते. तार आणि कळ दोन्ही नवी घ्यायची, हे ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. जिथं पाणी आणि वीज शेजारी आहेत, तिथं काटकसरीचा प्रश्नच येत नाही.

दुसरी, मोटार. आता मोटार गुणगुणते पण फिरत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. तो काही शे रुपयांत बदलतो. घरघर आवाज आला तर बेअरिंग बघावं, दांड्यापाशी पाणी ठिबकलं तर सील बघावं. एवढ्यासाठी कुणी नवी मोटार घेऊ नये. पण आमची मोटार आधीच दोनदा भरलेली होती आणि तिचं अंग गंजून पापुद्रे सुटले होते. कारणही सापडलं. क्लोरीनचा डबा त्याच कपाटात ठेवलेला होता. त्याच्या वाफेनं लोखंड आणि तांबं दोन्ही खाल्लं जातं. त्यात आपल्याकडचा पाऊस! काही वर्षी कोयनानगरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. कपाट चार महिने ओलंच. तिसऱ्यांदा भरली असती तरी ती टिकली नसती. म्हणून मोटार नवी.

पण केवढी? जुनी दोन हॉर्सपॉवरची होती. दुकानदार तेवढीच द्यायला निघाले होते. आमच्या गटातल्या बारावी झालेल्या सुनेनं वही काढली. वीस गुणिले दहा गुणिले चार, म्हणजे आठशे घनफूट. एका घनफुटात सुमारे 28 लिटर, म्हणजे हौदात साडेबावीस हजार लिटरच्या आसपास पाणी. ते आठ तासांत एकदा गाळून निघालं की पुरतं. म्हणजे तासाला तीन हजार लिटरसुद्धा लागत नाही. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार ते आरामात करते. उलट मोठी मोटार वाळूतून पाणी इतकं जोरात ढकलते की घाण नीट अडकत नाही.

विजेचा हिशेबही केला. दोन हॉर्सपॉवरची मोटार तासाला जवळपास दोन युनिटं खाते, अर्ध्याची पाऊण युनिटाच्या आत. आठ तास चालली तर दिवसाला दहा युनिटं वाचतात, महिन्याला तीनशे.

तिसरी, फिल्टर. भांडं फायबरचं, एकही चीर नाही. आतली वाळू मात्र आठ वर्षांची, गोल गुळगुळीत झालेली. वाळू पाच-सात वर्षांनी बदलावी लागते. भांडं ठेवलं, वाळू बदलली. पाइप चांगले होते, एक गळका व्हॉल्व्ह तेवढा बदलला.

सगळं मिळून खर्च आला अठ्ठावीस हजार. तेवढ्याच कर्जाचा ठराव झाला. उरलेल्या पैशातून दोघींना शेळ्यांसाठी कर्ज देता आलं. क्लोरीनचा डबा आता वेगळ्या, हवेशीर जागी आहे. पावसाळ्यात हौद बंद असतो तेव्हा मोटार काढून घरात कोरड्या जागी ठेवतो. आरसीसीबीवर तपासणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघतो. कळ पडली की समजायचं, राखणदार जागा आहे.

मैत्रिणींनो, आपल्या धरणाचंच बघा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात त्याला तडे गेले. ते कुणी पाडलं नाही आणि तडे तसेचही सोडले नाहीत. कुठं काय झालंय ते तपासलं, तडे बुजवले, काँक्रीटचा आधार देऊन भिंत बळकट केली. आज तेच धरण शंभर टीएमसीच्या वर पाणी अडवून उभं आहे.

तर तुमच्या गटात असा अर्ज आला, की चार गोष्टी विचारा. नेमकं काय बिघडलंय? कशामुळे? जिवाला धोका आहे का? आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त आहे का? धोका असेल तर वापर त्याच क्षणी बंद करा. बाकीचं वही-पेन घेऊन सभेत ठरवा. कारण नवंही बिघडलेल्या जागी ठेवलं तर दोन वर्षांत जुनं होतं.

आणि हो, त्या मुलाचे आईवडील दिवाळीत पुन्हा आले. मुलगा पाण्यात उतरायच्या आधी म्हणाला, "आजी, ते बटण दाबून दाखवा." ताईंनी दाबून दाखवलं. कळ पडली. मग तो हसला आणि उडी मारली.