सायकलीवरून अंदमान
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



अंदमान म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभा राहतो तो सेल्युलर जेल. १९०६ साली बांधून पुरा झालेल्या त्या तुरुंगात ४ जुलै १९११ रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पाऊल ठेवले. आम्हीही तेथे गेलो, त्या कोठडीपुढे नतमस्तक झालो. परंतु आज आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यानंतरच्या दहा दिवसांविषयी.

आम्ही चौघे, म्हणजे दोन दांपत्ये, पन्नाशी ओलांडलेली. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या चेन्नईच्या बंदरातून बोटीने निघालो. सुमारे बाराशे किलोमीटरांचा तो जलप्रवास तीन दिवसांचा. आम्ही सर्वांत स्वस्त असा बंक वर्ग पत्करला. सोबत चार सायकली, दोन तंबू, एक लहानसा स्टोव्ह आणि माणशी बारा किलो सामान. कमी खर्चात बेटे पाहावयाची, तर राहण्याचा आणि वाहनाचा खर्च टाळावा, हा आमचा सरळ हिशेब होता. हा हिशेब सर्वस्वी बरोबर नव्हता, हे पुढे कळले.

तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरहून (सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे श्रीविजयपुरम् असे नामांतर झाले) उत्तरेकडे जाणारा रस्ता जारवा जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. हा भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. तरीही ठरावीक वेळी पहाऱ्यात वाहनांचे ताफे जात राहिले. सायकलीवरून तेथून जाता येत नाही आणि बसमध्ये बसून माणसांकडे प्रदर्शनातल्या वस्तूंसारखे पाहत जाणे आम्हांस रुचेना. म्हणून आम्ही समुद्रमार्ग धरला. शासकीय बोटीने आधी नील, मग हॅवलॉक आणि तेथून मध्य अंदमानातील रंगत. २०१८ पासून नीलला शहीद द्वीप आणि हॅवलॉकला स्वराज द्वीप असे नाव आहे.

नील हे बेट सायकलीसाठीच निर्मिले असावे. एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचावयास अर्धा तास पुरतो. गावांची नावे पाहा : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची ही वस्ती. सारे गमावून आलेल्यांनी रामायण मात्र बरोबर आणले होते.

तंबूच्या मुक्कामाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण मंडळातील तरुण मंडळी त्याविषयी वारंवार विचारतात. या द्वीपसमूहाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग अरण्याखाली आहे. परंतु मोकळी दिसणारी जमीन म्हणजे कोणाचीच नसलेली जमीन नव्हे. अरण्यखात्याच्या जमिनीवर परवानगीवाचून राहता येत नाही आणि आदिवासींच्या राखीव क्षेत्रात पाऊलही टाकता येत नाही. हिवाळ्यात रात्री कासविणी वाळूत अंडी घालावयास येतात. शेकोटीने आणि दिव्यांनी त्या बुजतात आणि पिलांची दिशा चुकते. नारळाच्या झाडाखाली तंबू ठोकू नये, हे कोकणातील माणसास सांगावयास नको. वाळूमाश्यांचा चावा आठवडाभर छळतो. आणि येथे घड्याळ आपले असले तरी सूर्य पूर्वेचा आहे. जानेवारीत साडेपाचच्या आत दिवस मावळतो. तेव्हा दुपारी तीनलाच मुक्कामाची जागा ठरवावी.

हे आम्हांस ठाऊक होते. तरीही आम्ही चुकलो. रंगतला उतरून उत्तरेस निघालो त्या दिवशी एक सायकल पंक्चर झाली, पंप रुसला आणि पाच वाजले. पंचवटी नावाचे गाव मागे पडले होते. समुद्रकाठी, एका ओढ्याच्या मुखाशी सपाट जागा दिसली. कोणास विचारावयाचे राहिले आणि अंधारात आम्ही तंबू उभे केले.

भात शिजत असताना हाती विजेरी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ आले. ते रागावले नाहीत. त्यांनी विजेरीचा झोत ओढ्याच्या चिखलावर टाकला. तेथे मोठे शरीर घसरत गेल्याची रुंद खूण होती. खाऱ्या पाण्यातील मगर. हॅवलॉकच्या किनाऱ्यानजीक २०१० साली एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीने बळी घेतला होता, हे आम्ही वाचले होते. वाचलेले आणि पाहिलेले यांत किती अंतर असते! शिवाय शाकंभरी पौर्णिमा होती, उधाणाची भरती यावयाची होती. ते म्हणाले, “जेवण तसेच उचला आणि घरी चला.” आम्ही अर्धा कच्चा भात पातेल्यासकट उचलून त्यांच्यामागे निघालो. सकाळी परत येऊन पाहिले, तर तंबूंच्या जागेवर ओली वाळू आणि शेवाळ होते.

त्यांच्या अंगणात आम्ही दोन रात्री राहिलो. त्यांच्या सूनबाईंनी माशाचे कालवण वाढले. बोलणे हिंदीत चालले, कारण तेथे बंगाली, तमिळ, रांचीचे आणि कॅरेन अशा सर्वांची सामाईक भाषा हिंदीच आहे. पन्नाशीच्या दशकात आईच्या कडेवर ते या बेटावर आले. त्यांच्या नातवंडांना बंगाली समजते, परंतु ती उत्तर हिंदीत देतात. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज थोडा उतरला. आम्हीही गप्प झालो. आपल्या घरोघरी काय घडते, ते आपण जाणतोच.

आमच्यातील वहिनींचे माहेर नाशिकची पंचवटी. त्यांनी गोदावरीचे, रामकुंडाचे वर्णन केले. वृद्ध गृहस्थ मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे ती खरी पंचवटी. पण माझ्या बापाने जंगल तोडून जिथे पहिला भात पेरला, ती ही. मी मरेन तो हिच्यात.”

निघताना आम्ही पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. आमच्याजवळचा चहा, साखर आणि एक सतरंजी मात्र आग्रहाने ठेवून घेतली. जमाखर्चाच्या वहीत मुक्कामाच्या रकान्यात आम्ही शून्य लिहिले होते. ते शून्य आम्ही खोडले, पण त्या जागी काय लिहावे ते आजवर सुचलेले नाही.

मंडळाच्या स्थापनेस पन्नास वर्षे झाली. ज्यांनी भाड्याच्या खोलीत पहिला गणपती बसवला, त्यांच्यापैकी काही जण आज समोर बसले आहेत. त्यांची नातवंडे बाहेर तमिळमध्ये खेळत आहेत, त्यांचा आवाज येथवर येतो आहे. त्यांना आपली पंचवटी कोठे आहे ते आपण सांगावे, आणि त्यांची कोठे आहे ते त्यांना विचारावे, एवढेच आम्हांस त्या अंगणात समजले.