बिडीत काय भरलंय, ते विचारा

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आरोग्यसेविका व कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता 'व्यसन आणि स्त्रिया'. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. मी फक्त बिडी सोडण्याबद्दल बोलणार आहे, आणि बिडीच्या आडोशाला जो गांजा असतो त्याच्याबद्दल. दारूवर आपण मोर्चे काढले, गुत्ते बंद पाडले. तंबाखूचे तक्ते घेऊन आपण घरोघर फिरतो. गांजाचं मात्र नाव निघालं की आपणही दार लोटून घेतो.

सुरुवात घरापासून करते. माझा थोरला भाऊ पुण्याच्या मार्केट यार्डात पोती वाहायचा. दिवसाला दोन बंडलं बिड्या. त्यानं तीनदा बिडी सोडली. एकदा छातीत कफ दाटला म्हणून, एकदा मुलीच्या लग्नाआधी, आणि तिसऱ्यांदा डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून घाबरवलं म्हणून. तिन्ही वेळा महिना-दीड महिन्यात पहिल्यासारखं सुरू. तिसऱ्या वेळी एका सरकारी दवाखान्यात त्याचं नाव घातलं होतं. तिथे दर खेपेला एकच प्रश्न : आज किती बिड्या? तो म्हणायचा, एकही नाही. खोटं बोलत नव्हता तो. बिडी म्हणून त्यानं एकही ओढलेली नसायची.

वहिनीला दवाखान्यातून सांगितलं गेलं, "चार दिवस चिडचिड होईल, सांभाळून घ्या." मीही तेच सांगितलं. त्या चार दिवसांत त्यानं तिच्यावर हात टाकला. तिनं मला सांगितलं तेव्हा मी, दहा वर्षं हिंसाचाराच्या केसेस घेणारी बाई, म्हणाले, "सोडतोय ना तो, थोडं सोस." हे मी आज इथे कबूल करते आहे. बिडी सुटत नाही म्हणून चिडणाऱ्या माणसाला मुकादमावर हात टाकायचा नसतो, हे बरोबर कळतं. बायकोवर टाकलेला चालतो!

पुढे तो परत ओढायला लागला, आणि दोष आला वहिनीवर. घरात कटकट असते, म्हणून ओढतो. सासू म्हणाली, शेजारीण म्हणाली, मीही मनात म्हणाले असेन. मग एकदा तांदूळ निवडता निवडता वहिनी खालच्या मानेनं बोलली, "वन्सं, बिडी सुटली होती हो. पण संध्याकाळचा दम कधी सुटलाच नव्हता. यार्डामागे चौघं बसतात. तंबाखूत मळूनच भरतात ना ते."

मी विचारलं, आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, "कुणी विचारलंच नाही. आणि सांगितलं असतं, तर पोलिसांनी ह्यांनाच नेलं असतं. मग घर कुणी चालवायचं?"

आता यातली गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात. चिलमीत तसाच, आणि बिडी किंवा सिगारेट पोकळ करून भरतात तेव्हाही तसाच. म्हणजे दिवसभर बिडीला हात न लावलेला माणूस संध्याकाळी निकोटिन घेतोच. शरीराला निकोटिनचा विसर पडायला वेळच मिळत नाही. शिवाय तोच कट्टा, तेच सोबती, तीच काडेपेटी. बिडीची तलफ उठायला आणखी काय लागतं?

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी गांजा नुसता ओढतात, युरोपात पुष्कळदा तंबाखू मिसळून. गांजा घेणाऱ्याला सिगारेट सोडणं जड जातं का, यावर तिकडे झालेले अभ्यास एकमुखी नाहीत. काहींत जड जातं असं दिसलं, काहींत फरक दिसला नाही. म्हणून तिकडचा निष्कर्ष उचलून इकडच्या चिलमीला लावू नका. आपल्या वस्तीत पहिला प्रश्न हाच, की मिसळून ओढतो की नुसता. नुसता ओढला तरी धूर तो धूरच. त्यातही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतं. 'झाडपाल्याचा आहे, शंकराचा प्रसाद आहे' याला फुप्फुस भुलत नाही.

दुसरी अडचण झोपेची. निकोटिन बंद केलं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड. काही आठवड्यांत ते ओसरतं. रोजचा गांजा बंद केला तरी चिडचिड होते, झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात, जेवण जात नाही. पहिला आठवडा त्रासाचा, मग साधारण दोन आठवड्यांत उतार. दोन्हींची लक्षणं सारखी, त्यामुळे माणसाला कळत नाही की आपल्याला छळतंय काय. दिवसभर पोती वाहिलेलं अंग ठणकतंय, तिसरी रात्र डोळ्याला डोळा नाही. तो म्हणतो, माझ्या अंगाला दम लागतोच. खरं तर दम बंद केल्यामुळेच झोप उडालेली असते, आणि ती परत येणार असते. हे त्याला आधी सांगितलं तर तो थांबण्याची शक्यता आहे. माझ्या भावाला कुणी सांगितलं नाही.

आता कायद्याचं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा बाळगणं आणि ओढणं दोन्ही गुन्हा आहे. वहिनीची भीती खोटी नव्हती. पण त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे, ते वाचून ठेवा. ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा आहे, असा व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. गांजाचं अल्प प्रमाण म्हणजे एक किलोपर्यंत. विकणाऱ्याला ही सवलत नाही. वस्तीतल्या बाईला हे माहीत असेल तर ती तोंड उघडेल.

आणि हे मूठभर लोकांचं नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या 'एम्स'कडून केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. १० ते ७५ वयातल्या सुमारे ३ कोटी १० लाख माणसांनी त्याआधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलं होतं. त्यात गांजा-चरसवाले सुमारे १ कोटी ३० लाख.

आमच्या गटात आता आम्ही तंबाखूच्या प्रश्नांनंतर आणखी एक प्रश्न विचारतो : "बिडीत किंवा चिलमीत आणखी काही भरता का?" आवाज न चढवता, नाव न लिहिता. बायकोच्या समोर विचारत नाही, आणि बायकोला नवऱ्याच्या समोर विचारत नाही. मिसळून ओढणाऱ्याला सांगतो, की तंबाखू सोडायची तारीख ठरवशील ती दोन्हींची ठरव. निदान संध्याकाळचा कट्टा त्या दिवसापासून बंद. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ आणि इतर नशेसाठी १४४४६ या सरकारी फोनसेवा आहेत, दोन्ही फुकट. आणि घरच्या बाईला आम्ही 'सांभाळून घे' म्हणत नाही. त्या दोन आठवड्यांत कुणाच्या घरी जाऊन राहता येईल, हे तिच्याशी आधी बोलून ठेवतो.

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो कचरा वेचणाऱ्या एका ताईंना, त्यांच्या नवऱ्याबद्दल. त्या जराशा हसल्या. म्हणाल्या, "तो नाही ओढत. मी ओढते." पहाटे चारला उकिरड्यावर उभं राहायचं, हातापायाला जखमा, वासानं पोट ढवळतं. एका बिडीत भरून ओढली की दुपारपर्यंत निभतं, असं त्यांचं म्हणणं. पंधरा वर्षं हे चाललं होतं, आणि त्या आमच्या मिश्री सोडण्याच्या बैठकीलासुद्धा येत होत्या. आम्ही त्यांना फक्त मिश्रीचं विचारत होतो.

त्यांची मिश्री सुटून आता अडीच महिने झाले. भरलेली बिडी रोजची होती, ती आठवड्यातून दोनदा-तीनदावर आली आहे. सुटलेली नाही. बैठकीत एकदोघींनी आक्षेप घेतला, अशा बाईला गटात कशाला ठेवायचं म्हणून. त्यावर तासभर भांडण झालं. ताई अजून गटात आहेत. दर गुरुवारी सगळ्यात आधी येऊन सतरंजी त्याच घालतात.