इसब आणि पथ्य

प्रौढ माणसास इसब झाला, कीं घरचीं मंडळी प्रथम त्याच्या ताटाकडे पाहतात. लोहाऱ्याकडे आधीं वांगें बंद होतें, मग आंबट, पुढें तुरीचें वरणही. उरते कोरडी भाकरी! चरकसंहितेंत विचर्चिका कुष्ठांत गणिली असून विरुद्ध आहार हें कुष्ठाचें एक कारण सांगितलें आहे; तेव्हां ही समजूत आजची नव्हे. परंतु ठराविक पदार्थानेंच खाज उफाळते असें ज्याचें दिसत नाहीं, त्यास सरसकट वर्ज्य पाळून फारसा गुण येत नाहीं, असें अलीकडील परीक्षणांत आढळलें. शरीर मात्र खंगतें.

कित्येकदां कारण ताटांत नसून बांधावर असतें. पुण्यास १९५५ च्या सुमारास नजरेस आलेलें गाजरगवत आज गांवोगांव माजलें आहे. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्यानें अंगावर बसतात. पापण्या, मान, कोपराच्या घड्या चिघळतात. शेतांत राबणारा पुरुष त्यांत विशेष सांपडतो. त्वचेचे डॉक्टर पाठीवर पट्टी चिकटवून ही परीक्षा करितात. बिचाऱ्या वांग्याचा काय अपराध?

कोमट पाण्यानें थोडक्यांत स्नान उरकून ओलसर अंगासच खोबरेल लावावें. ‘झाडपाल्याचें’ म्हणून मिळणाऱ्या निनांवी मलमांपासून सावध असावें. कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेलें सांपडलें आहे. गवत उपटावयाचें तें फुलण्यापूर्वीं, हातमोजे घालून. आणि ज्यास खाज आहे त्यानें नव्हे.