फ्रँचायझीचा करार : प्रवेशापूर्वी निर्गमनाचा विचार

एके काळी रसायनांच्या कारखान्यांमुळे ओळखला जाणारा कोलशेत रस्ता आज गृहसंकुलांनी गजबजला आहे. त्यांच्या आश्रयाने औषधे, मिठाई, शिकवण्या यांची फ्रँचायझी पद्धतीची दुकाने उभी राहिली. नाव कंपनीचे, पुंजी मात्र कुटुंबाची! म्हणूनच फ्रँचायझीधारकाला करार केव्हा संपवता येतो, हा प्रश्न घरादाराचा ठरतो.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ हाच मुख्य आधार होय. बाहेर पडण्याचे प्रमुख मार्ग तीन. पहिला, करारातच दिलेली नोटिशीची तरतूद. दुसरा, कलम ३९ : कंपनीने आपले वचन पाळण्यास सर्वस्वी नकार दिल्यास करार संपवता येतो, मात्र त्यानंतर शब्दाने वा वर्तनाने तो चालू ठेवण्यास संमती दिल्यास हा हक्क राहत नाही. तिसरा, कलम १९ : फसवणुकीने संमती मिळवली असल्यास करार रद्द करवून घेता येतो. केवळ धंदा मंदावला, हे यांपैकी एकही कारण नव्हे.

या संदर्भात गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांचा वाद बोधप्रद आहे. १९९३ च्या करारात एक वर्षाची नोटीस होती, १९९४ च्या करारात नव्वद दिवसांची. बॉटलिंग कंपनीने २५ जानेवारी १९९५ रोजी नव्वद दिवसांची नोटीस दिली. तिचे भागभांडवल पेप्सीच्या बाजूकडे गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ऑगस्ट १९९५ मध्ये मनाई हुकूम कायम झाला. १९९४ च्या कराराने आधीचा करार बाजूला सारला नाही, नोटीस वर्षाचीच, आणि तोवर प्रतिस्पर्ध्याची पेये बनवता येणार नाहीत, असे न्यायालयाने मानले. करार चालू असतानाचे असे बंधन कलम २७ च्या आड येत नाही, हेही स्पष्ट झाले.

करार संपल्यावर मात्र तोच व्यवसाय करण्यावरील बंदी कलम २७ नुसार सामान्यतः निरर्थक ठरते. कंपनीचे नाव, फलक आणि गुपिते तेवढी सोडावी लागतात. दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी कलम ७४ नुसार तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद यांची गणना आहे. खोटा लेख करू नये, दुसऱ्याची ठेव गिळू नये, विश्वासाने कळलेले गुपित फोडू नये. अनामत रक्कम अडवून ठेवणारी कंपनी आणि तिची गुपिते वापरणारा दुकानदार, दोघांनाही हा निकष सारखाच लागू आहे.

सुज्ञ श्रावकाने सही करण्यापूर्वी नोटिशीचा काळ, किमान मुदत, अनामत परतीची अट आणि लवादाचे कलम वकिलाकडून समजून घ्यावे. नंतरचा प्रत्येक करार आधीच्याशी ताडून पाहावा. करार सोडण्याचा हक्क संकटात शोधण्यापेक्षा सही करतानाच राखून ठेवणे हितावह होय.

जय जिनेंद्र.