उष्णतेची मोट

विहिरीतले पाणी आपण होऊन मळ्यात चढत नाही. ते वर आणावयाचे तर बैल जुंपावे लागतात, नाडा आणि सोंदूर लावावा लागतो, धावेवरून जोडी मागेपुढे न्यावी लागते. बैल पाणी निर्माण करीत नाहीत. खाली असलेले पाणी ते वर आणतात, एवढेच. बालाघाटाच्या कडेला वसलेल्या येडशीच्या रानात आता मोट उरलेली नाही. विजेच्या पंपाने तिची जागा घेतली आहे. परंतु ज्यांनी मोट हाकली, त्या पिढीला युरोपात आज घरोघर बसत असलेल्या एका यंत्राचे मर्म दुसऱ्या कोणाहूनही लवकर उमगले असते. त्या यंत्राचे नाव उष्णतापंप.

उष्णतेचा स्वभाव पाण्यासारखाच आहे. ती आपण होऊन ऊन पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाते, उलट कधी जात नाही. थंड हवेतही उष्णता असते. मात्र ती विहिरीतल्या पाण्याप्रमाणे खाली असते. या यंत्राच्या नळ्यांतून लवकर उकळणारा एक द्रव फिरतो. बाहेरच्या हवेतील ऊब शोषून त्याची वाफ होते. विजेवर चालणारे दाबयंत्र ती वाफ दाबते, दाबाने ती तापते, आणि घरात आपली उष्णता सोडून ती पुन्हा द्रवरूप होते. विजेच्या शेगडीत एक माप वीज खर्चली तर एकच माप उष्णता मिळते; या मोटेने त्याच विजेत सुमारे तीन मापे घरात येतात. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनी ही कल्पना १८५२ साली मांडली. आणि १९३८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील नगरभवन लिम्मात नदीच्या गार पाण्यातून काढलेल्या उष्णतेने ऊबदार होऊ लागले.

इतके लाभाचे यंत्र, तर जेथे थंडी अधिक तेथे ते अधिक आणि जेथे थंडी कमी तेथे ते कमी, असा सरळ हिशोब असावा, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही. नॉर्वेत शंभरांपैकी सुमारे साठ घरांत उष्णतापंप आहे. स्वीडन व फिनलंड या देशांत चाळिसांहून अधिक. इंग्लंडातही हिवाळाभर घर तापवावेच लागते; तथापि तेथे हे प्रमाण शंभरांत एक-दोन घरांपलीकडे फारसे गेलेले नाही. याचे कारण हवामानात शोधू नये. ते मोटेच्या हिशोबात शोधावे. शेतकरी तीन गोष्टी पाहत असे: बैलांचा कडबा किती महाग, विहीर किती खोल, आणि पाट किती फुटका.

कडबा म्हणजे वीज. नॉर्वेत ती जवळजवळ सगळी धबधब्यांच्या व धरणांच्या पाण्यावर होते, आणि घरोघर जळाऊ वायूचे नळ तेथे कधी पोहोचलेच नाहीत. स्वीडनात १९७३ साली खनिज तेल महागले तेव्हा लोक तेलाच्या भट्टीला कंटाळले. पुढे १९९१ साली सरकारने कोळसा-तेलाच्या धुरावर कर बसविला. इंग्लंडात मात्र उत्तर समुद्रात वायू सापडला, आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशातील घरांच्या शेगड्या त्या वायूवर आणल्या गेल्या. तेथे विजेचे एक माप वायूच्या एका मापाच्या सुमारे चौपट किमतीला पडत आले आहे. यंत्राने तिप्पट उष्णता द्यावी आणि विजेने चौपट दाम घ्यावे, मग गृहस्थाच्या पदरात काय उरावे?

विहिरीच्या खोलीचेही तसेच. बाहेरची हवा जितकी गार आणि घरात पाणी जितके कढत हवे, तितकी मोट खोल. स्वीडिश लोक खडकात शंभर-दोनशे मीटर छिद्र घेऊन भूगर्भाची स्थिर ऊब उपसतात. जुन्या इंग्रजी घरांतील लोखंडी तापके मात्र कढत पाण्यावाचून खोली तापवीत नाहीत. आणि पाटाविषयी काय सांगावे? उत्तरेकडील घरे जाड आवरणाची, फटी बुजविलेली. इंग्लंडातील कित्येक जुनी विटांची घरे आत आलेली ऊब खिडकी-छपरावाटे गमावून बसतात.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली, युरोपात वायूची टंचाई झाली, आणि कोळशावर तापणाऱ्या पोलंडमध्ये त्या एका वर्षात या यंत्रांची विक्री दुपटीच्या आसपास गेली. पुढच्याच वर्षी ती उतरली. थंडी दोन्ही वर्षी होतीच. बदलला तो हिशोब.

आता येडशीकडे वळावे. नॉर्वेतील घराच्या भिंतीवरची पेटी आणि धाराशिवच्या पेठेत दुकानांच्या भिंतीवर दिसणारी वातानुकूलनाची पेटी ही सख्खी भावंडे आहेत. तेथे मोट उष्णता आत ओतते, येथे तीच मोट आतली उष्णता बाहेर उपसते. भारतात अशी पेटी शंभरांतील दहाच्या आसपास घरांत आहे. हिशोब तोच, कडबा महाग.

परंतु या भागात पाटाची कथा अधिक करुण आहे. माळवदाचे घर, दोन-अडीच हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर, वैशाखातही आत गारवा राखी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत त्याच भिंती आणि तीच माती निजलेल्या हजारो माणसांवर कोसळली. ज्या घराने उन्हाळा सुसह्य केला त्यानेच जीव घेतला. लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला, आणि पत्र्याची व सिमेंटची छपरे वाढली. जीव वाचविणारे हे छप्पर वैशाखात मात्र तव्यासारखे तापते.

गरीब घराचा आधार म्हणजे पाण्यावर चालणारा कूलर. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. परंतु त्याला पाणी लागते, आणि पाण्याची गत अशी की, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ती गाडी येडशीवरून जाणाऱ्या रुळांवरूनच गेली.

नवल असे की, ज्या कामाला ही मोट सर्वांत हलकी चालते ते काम येडशीत रोज पहाटे होते: आंघोळीचे पाणी तापविणे. येथील हवा मुळातच ऊबदार, म्हणजे विहीर उथळ. जपानात २००१ पासून आंघोळीचे पाणी तापविणारे असे पंप विकले जातात आणि तेथे ते लाखो घरांत आहेत. येडशीसारख्या गावी बंब, चूल, गॅस किंवा छपरावरचा सौर बंब यांवर भागते. कारण यंत्राची किंमत एकदम मोजावी लागते आणि सरपण थोडेथोडे आणता येते.

तेव्हा कोणत्या देशाने किती पंप बसविले, या आकड्यांवरून कोणास पुढारलेला वा मागासलेला ठरविणे योग्य नव्हे. आकड्यामागे विजेचा दर असतो, सरकारचा कर असतो आणि घराची भिंत असते. शहाणा शेतकरी मोट जुंपण्यापूर्वी पाट लिंपून घेई. मराठवाड्यातही यंत्राच्या आधी छपराचा विचार व्हावयास हवा: भूकंपात टिकणारे, तरी उन्हाला अडविणारे, आणि पत्रा असलाच तर निदान चुन्याने पांढरा केलेला. भर वैशाखात येडशीचा माणूस रामलिंगाच्या दरीत झाडांच्या सावलीला उतरतो तेव्हा त्याला गारवा फुकट मिळतो. तोच गारवा घरी परतल्यावर त्याच्या पोराबाळांना जीव धोक्यात न घालता मिळावा, एवढाच या साऱ्या हिशोबाचा हेतू.