पोटात शिरणारं यंत्र आणि त्याचा परवाना

बेंगळुरूच्या मल्लेश्वरमला मराठी नाव नवं नाही. इथल्या मल्लिकार्जुनाच्या पूजेसाठी शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी राजे यांनी १६६९ साली एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. पुढे १८९८ च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेची वस्ती म्हणून हा भाग आखला गेला. १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि जुने बेंगळुरूकर तिला अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. सी. व्ही. रामन यांचं 'पंचवटी' हे घरही मल्लेश्वरमातलंच. आपल्या मंडळातले बरेच सभासद रुग्णालयांत आणि वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत काम करतात, म्हणून या व्याख्यानासाठी या परिसराशी जोडलेला एक विषय निवडला आहे. विद्यापीठात घडलेलं शस्त्रक्रियेचं यंत्र रुग्णापर्यंत पोहोचतं कसं, आणि त्या वाटेवर परवान्याचा करार काय काम करतो?

भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक जी. के. अनंतसुरेश यांचं नाव लवचीक यंत्ररचनांसाठी घेतलं जातं. अशा रचनेत खिळे, पिना, बिजागऱ्या नसतात. एकच सलग तुकडा वाकतो आणि त्या वाकण्यातूनच पकड किंवा हालचाल मिळते. शरीरात जाणाऱ्या अवजारासाठी हा मोठाच फायदा आहे, कारण सुटून पडेल असा भाग त्यात नसतो आणि आकारही लहान ठेवता येतो. याच संस्थेतल्या संशोधनातून मिमिक ही कंपनी उभी राहिली. ती एंडोस्कोपीच्या सरावाचं यंत्र बनवते. शिकाऊ डॉक्टर नळी पुढे सरकवतो तेव्हा आतड्याच्या वळणाचा विरोध त्याच्या हाताला जाणवतो, आणि सुरुवातीच्या चुका रुग्णाच्या अंगावर न होता यंत्रावर होतात. हे यंत्र शस्त्रक्रिया करत नाही. पण प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याची वाट शस्त्रक्रियेच्या रोबोटलाही हीच चालावी लागते.

त्या वाटेचा सर्वांत बोलका दाखला सिंगापूरचा आहे, आणि त्यात भारताचाही वाटा आहे.

जठराच्या अस्तरातला कर्करोग अगदी सुरुवातीला सापडला, तर पोट न फाडता तोंडावाटे एंडोस्कोप घालून तो भाग सोलून काढता येतो. जपानी डॉक्टरांनी रुळवलेली ही पद्धत शिकायला फार अवघड आहे. एकाच नळीतून एकच अवजार पुढे जातं, त्यामुळे एका हाताने धरावं आणि दुसऱ्याने कापावं ही शल्यविशारदाची साधी सवय तिथे चालत नाही. २००४ साली सिंगापुरात नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठाचे अभियंते लुईस फी, पोटविकारतज्ज्ञ लॉरेन्स हो आणि हाँगकाँगचे शल्यविशारद सिडनी चुंग खेकड्याच्या जेवणाला एकत्र बसले होते. खेकड्याच्या नांग्यांवरून चुंग यांना एंडोस्कोपच्या टोकाला दोन हात बसवण्याची कल्पना सुचली. त्यातून 'मास्टर' हा रोबोट तयार झाला. त्याच्या मोटारी बाहेर असतात आणि सायकलच्या ब्रेकच्या तारेसारख्या बारीक तारांमधून ओढ टोकापर्यंत पोहोचते. नळी जितकी वळणं घेते तितकं तारेचं घर्षण वाढतं. डॉक्टरचा हात आणि आतलं टोक यांच्यातला हा फरक काबूत आणण्यासाठी बरंच संशोधन करावं लागलं.

माणसांवरचे पहिले प्रयोग भारतात आणि हाँगकाँगमध्ये झाले. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी त्या अभ्यासाच्या लेखकांत आहेत. २०१२ साली छापून आलेल्या त्या अहवालात पाच रुग्ण होते. अस्तर सोलण्याला सरासरी १८.६ मिनिटं लागली आणि शस्त्रक्रियेच्या वेळी गुंतागुंत झाली नाही. त्याच सुमारास, २०११ साली, विद्यापीठाबाहेर एंडोमास्टर ही कंपनी स्थापन झाली आणि विद्यापीठातलं तंत्रज्ञान घेऊन ती पुढे निघाली. पुढे जपानच्या होया या उद्योगसमूहाने तिच्यात पैसा घातला.

सिंगापूरने यात गैर काहीच केलं नाही. संशोधन त्यांचं, म्हणून हक्कही त्यांचे. तरीही नव्या यंत्राचा पहिला धोका ज्या देशातल्या रुग्णांनी आणि डॉक्टरांनी पत्करला, त्या देशातल्या सरकारी रुग्णालयांना ते यंत्र परवडेल अशा दरात मिळण्याची अट करारात असू शकते. ती मागायची वेळ चाचणीचा करार होताना असते. यंत्र बाजारात आल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

परवाना म्हणजे विद्यापीठाने कंपनीला दिलेली वापराची मुभा. पेटंटची मालकी संस्थेकडेच राहते. सुरुवातीला ठरावीक रक्कम, पुढे विक्रीवर रॉयल्टी, कधी कंपनीचे थोडे समभाग, असा व्यवहार असतो. लोक या आकड्यांवर भांडतात, पण खरा जीव दुसऱ्या कलमांत असतो. कंपनीने कोणत्या वर्षापर्यंत प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या करायच्या, त्या न केल्यास हक्क परत येणार का, हक्क पोटाच्या शस्त्रक्रियेपुरता आहे की सगळ्या शरीरासाठी, पुढच्या सुधारणा कोणाच्या? ही कलमं ढिली राहिली की पेटंट एखाद्या कंपनीच्या कपाटात पडून राहतं आणि दुसऱ्या कोणालाही ते यंत्र बनवता येत नाही.

वेळेचा हिशेब तर फारच कठोर आहे. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधनातून २००६ साली निघालेल्या व्हर्च्युअल इन्सिजन या कंपनीचा 'मीरा' हा जेमतेम ९०० ग्रॅमचा रोबोट अमेरिकेत आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. अठरा वर्षं! त्याउलट १९५७ साली मिशिगन विद्यापीठात बेसिल हर्शोविट्झ यांनी स्वतः गिळून पाहिलेला काचतंतूंचा एंडोस्कोप १९६० साली एका अमेरिकन कंपनीमार्फत बाजारात आला होता. तेव्हा आजच्यासारखे नियम नव्हते, आणि ते आले हे रुग्णांच्या भल्याचंच आहे. दा विंची रोबोटची गोष्टही परवान्यापासूनच सुरू होते. १९९५ साली स्थापन झालेल्या इंट्युइटिव्ह कंपनीने कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संशोधन संस्थेकडून हक्क घेतले, आणि २००० साली अमेरिकेत पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मंजुरी मिळवली.

भारतात विद्यापीठांच्या बौद्धिक संपदेसाठी अमेरिकेच्या १९८० च्या बे-डोल कायद्यासारखा कायदा नाही. २००८ साली तसं विधेयक राज्यसभेत आलं होतं, ते २०१४ साली मागे घेण्यात आलं. त्यामुळे प्रत्येक संस्था आपापले नियम करते. मुंबईच्या आयआयटीतलं बेटिक हे केंद्र २०१४ साली महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशावर प्रा. बी. रवी यांनी सुरू केलं. नागपूरची व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी त्यात सहभागी आहेत. डॉक्टर आणि अभियंता पहिल्या दिवसापासून एकाच टेबलाशी बसवायचे, ही तिथली रीत. परवाना देतानाही हीच रीत टिकायला हवी. पेटंटच्या कागदात यंत्राची रचना लिहिलेली असते. तार किती ताणायची, कोणत्या धातूला थकवा येतो, हे ज्ञान मात्र पीएचडी करणाऱ्या मुलांच्या हातात असतं. ती मुलं कंपनीत गेली नाहीत तर कागद विकत घेऊनही यंत्र चालत नाही.

भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३ शस्त्रक्रियेच्या पद्धतीला पेटंट देत नाही. उपकरणाला देतं. म्हणून डॉक्टरने शोधलेल्या युक्तीतला अवजाराचा भाग वेगळा काढून मांडावा लागतो, आणि तोही परिषदेत निबंध वाचण्याआधी. आधी जाहीर केलं की नवेपणाचा दावा धोक्यात येतो. इथे परदेशातल्या अनुभवी मराठी अभियंत्यांचा आणि वकिलांचा मोठा उपयोग होऊ शकतो. मसुदा वाचून देणं, हक्क परत येण्याचं कलम सुचवणं, चाचणीचा आराखडा तपासणं ही कामं तिकडे बसूनही होतात. पण बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या सहकाऱ्याबरोबर शोध लावला असेल, तर कलम ३९ पाळायला हवं. भारतात राहणाऱ्या संशोधकाला परदेशात अर्ज करण्याआधी भारतीय पेटंट कार्यालयाची परवानगी लागते, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं.