चोरीला गेलेले जाळे आणि पाच हजारांची रेघ

(मच्छीमार सहकारी संस्थांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, सहकार हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर उसाचे फड आणि कारखान्याचे धुराडे उभे राहते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी जे उभे केले, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु याच जिल्ह्यात दुसरा एक सहकार आहे. त्याला धुराडे नाही, अतिथिगृह नाही, आणि त्याच्या अध्यक्षाला कोणी मोटार देत नाही. तो पाण्यावर चालतो. 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण, राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचा ज्ञानेश्वर सागर, आणि शेवगाव व नेवासे तालुक्यांत पसरलेले जायकवाडीच्या नाथसागराचे फुगवट्याचे पाणी यांवर भोई, कहार, महादेव कोळी आणि धरणात जमिनी गेलेली कितीतरी कुटुंबे जगतात. या माणसांच्या एका साध्या प्रश्नासाठी आज मी आपला वेळ घेणार आहे. रात्री पाण्यात लावलेले जाळे सकाळी जागेवर नसते, त्याचे काय करावयाचे?

प्रश्न किरकोळ वाटेल. म्हणूनच तो थोडा उलगडून सांगतो. आपल्या जलाशयांवर बहुतांश मासेमारी नायलॉनच्या बारीक तंगुसाच्या जाळ्यांनी होते. सायंकाळी ट्यूबवर, तराफ्यावर किंवा लहान होडीतून जाऊन जाळी लावावयाची, आणि पहाटे ती उचलून कटला, रोहू, मृगळ, चिलापी जे मिळेल ते काट्यावर आणावयाचे. मधले आठ-दहा तास हे सगळे भांडवल मैलोगणती पसरलेल्या अंधाऱ्या पाण्यात बेवारस पडलेले असते. शेतकरी निदान विहिरीवरच्या मोटारीला खोलीत कोंडून कुलूप लावू शकतो, जरी आपल्या जिल्ह्यात मोटारी आणि केबलीही सुरक्षित नाहीत हे आपण जाणता. जाळ्याला कुलूप कोठे लावणार? आणि चोर जाळे नेतो तेव्हा त्यातली मासळीही नेतो. म्हणजे हत्यारही गेले आणि त्या दिवसाची मजुरीही गेली.

खरा घाव मात्र त्यानंतर बसतो. जाळे गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पाण्यावर जावेच लागते. हातात पैसा नाही. बँक चार हजारांच्या जाळ्यासाठी त्याला दारात उभे करीत नाही. 2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू झाले खरे, पण कार्ड घरात असणे आणि मंगळवारी सकाळी पैसा हातात असणे यांत फार अंतर आहे. तो पैसा मासळीचा व्यापारी देतो. कागद नाही, जामीन नाही, व्याजही नाही. अट एवढीच की मासळी माझ्याच काट्यावर आणि मी म्हणेन त्या भावाने. पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराला मुकादमाकडून जी मिळते तिला आपण उचल म्हणतो. ही उचल तीच, फक्त पाण्यावरची. संस्थेच्या काट्यावर मासळी का येत नाही, असे आपले कार्यकर्ते वारंवार विचारतात. त्याचे एक उत्तर चोरीला गेलेल्या जाळ्यात आहे.

आता शासन आणि विमा यांनी या बाबतीत काय केले ते पाहू. जाळी, सूत आणि होड्या यांच्या खरेदीवर अर्थसाहाय्य देण्याची पद्धत राज्यात जुनी आहे. साधन घेण्यास मदत आहे, ते राखण्यास नाही. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूबद्दल पाच लाख रुपयांच्या विम्याची तरतूद झाली. ती चांगलीच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने जी उपयोजना मंजूर केली तिच्यात मत्स्यसंवर्धनाच्या विम्याला प्रोत्साहन आहे, म्हणजे तळ्यात वाढविलेल्या माशाचा विमा. माणसाचा विमा झाला, माशाचा झाला. या दोघांच्या मध्ये असलेले जाळे तेवढे राहून गेले.

1956 साली आयुर्विमा आणि 1973 च्या आरंभी सर्वसाधारण विमा राष्ट्राच्या मालकीचा झाला. शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या, त्या वेळी विम्याचे छत्र शेवटच्या माणसापर्यंत जाईल ही अपेक्षा आपण सर्वांनीच बाळगली होती. ती पुरती खोटी ठरली असे मी म्हणत नाही. गाई-म्हशींचा विमा खेड्यापर्यंत गेला. परंतु घरफोडीच्या रूढ पॉलिसीचा मजकूर पाहा. चोरी म्हणजे बळजबरीने, काही तोडून-फोडून वास्तूत शिरून किंवा तशाच रीतीने बाहेर पडून केलेली चोरी. पाण्याला ना दार, ना कडी. ही व्याख्या करणाऱ्यासमोर दुकान आणि वखार होती. आपला माणूस त्याच्या नजरेत आलाच नाही.

कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपण केवळ फिर्यादी ठरू. पाण्यातले जाळे चोरीलाच गेले हे कशावरून? वावटळीने वाहून जाते, बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकून फाटते, धरणातून पाणी सोडले की ओढले जाते. कधी दोन टोळ्यांचे जागेवरून भांडण असते आणि जाळे सूड म्हणून कापलेले असते. नगरच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने यांतले खरे काय ते कसे ठरवावे? तो सरळ पोलिसांचा कागद मागतो. आणि नेमका तो कागद मिळणे अलीकडे अधिक कठीण झाले आहे.

या मुद्द्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. जुन्या भारतीय दंड विधानाच्या 379 कलमाखाली चोरी शंभर रुपयांची असो वा लाखाची, ती दखलपात्र होती. पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करणे भाग होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 303 कलमानुसार चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल, तर माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. त्याबरोबरच अशी पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरविण्यात आली. म्हणजे पोलीस नोंद करून घेतील, परंतु दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करू शकणार नाहीत.

समाजसेवेच्या शिक्षेला माझा विरोध नाही. जाळे चोरणारा बहुधा आपल्यासारखाच उपाशी असतो आणि त्याला तुरुंगात सडविण्यात आपल्याला स्वारस्य असू नये. विरोध आहे तो तपासाचे दार बंद होण्याला. पाच हजारांची रेघ नोकरदाराच्या दृष्टीने किरकोळ असेल. मच्छीमाराच्या दृष्टीने तिच्याखाली त्याचा सारा संसार मावतो. गरिबाचे हत्यार स्वस्त असते, म्हणून त्याची चोरी लहान, हा न्याय आपण मान्य करता कामा नये. रेघ बदलण्याची मागणी संसदेपर्यंत नेली पाहिजे. तोवर हाती जे आहे त्याचा उपयोग करावा. फिर्यादीत केवळ जाळ्याची बाजारकिंमत लिहू नये. त्याच्यावरचा दोर, बुचे, शिसे, ते भरण्यासाठी घरातल्या बाईने घातलेले दिवस, अडकलेली मासळी, हे सारे त्याच्या मोलात येते. एका रात्री एकाच माणसाच्या चार पट्ट्या गेल्या तर चारही एकाच फिर्यादीत याव्यात. मात्र आकडा फुगवू नये. एकदा खोटे सापडले की पुढच्या दहा खऱ्या फिर्यादी बुडतात.

पण फिर्यादीने जाळे परत येत नाही. म्हणून संस्थेने स्वतः काय करावयाचे, हा माझ्या मते मुख्य मुद्दा आहे. कचेरीतल्या अधिकाऱ्याला जे कळत नाही ते काठावरच्या साठ माणसांना कळते. वारा कोणत्या रात्री होता, पाणी केव्हा सुटले, कोणाचे जाळे जुने होते, कोण नेहमी रडगाणे गातो, हे त्यांना ठाऊक असते. हीच माहिती विम्याचे खरे भांडवल होय. जपानने 1964 साली मच्छीमारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला तो सहकारी संस्थांच्या परस्पर साहाय्याच्या पायावरच, आणि त्यात मासेमारीच्या साधनांचाही समावेश केला.

हिशेब मांडून दाखवितो. समजा, संस्थेत साठ सभासद आहेत आणि प्रत्येकाची वर्षाची मासळी आठशे किलो आहे. काट्यावर किलोमागे पन्नास पैसे कापले तर वर्षाला 24,000 रुपये जमतात. चार हजारांच्या जाळ्यामागे साठ टक्के, म्हणजे 2,400 रुपये दिले, तर वर्षाला दहा चोऱ्या भरून निघतात. पूर्ण भरपाई मुद्दामच नाही. थोडा तोटा मालकाकडे राहिला की राखणही राहते आणि लबाडीचा मोहही होत नाही. वर्गणी महिन्याची ठेवू नये, किलोवर ठेवावी. ज्याला मासळी नाही त्याच्यावर बोजा नाही, आणि ज्याला निधीचा आधार हवा त्याला मासळी संस्थेच्याच काट्यावर आणावी लागते. रक्कम तीन दिवसांत मिळाली पाहिजे. चौथ्या दिवशी व्यापारी पोहोचलेला असतो.

याला विमा मात्र म्हणू नका. 1938 च्या विमा कायद्यानुसार नोंदणीवाचून विम्याचा धंदा करता येत नाही. साधन-साहाय्य निधी म्हणा आणि उपविधीत दुरुस्ती करून निबंधकाची मंजुरी घ्या.

निधीच्या आधी खूण हवी. गाईच्या विम्यात कानातला बिल्ला नसेल तर दावा नाही, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. जाळ्याचेही तसेच. वरच्या दोरात ठरावीक अंतरावर संस्थेच्या रंगाची गाठ आणि सभासदाचा क्रमांक कोरलेला तुकडा ओवावा, वहीत लांबी, आस आणि खरेदीची तारीख असावी, पावती जपावी. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2018 साली मासेमारीच्या साधनांवर खूण करण्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली ती मुख्यतः समुद्रात सुटलेल्या जाळ्यांसाठी, पण उपयोग आपल्यालाही आहे. गाठ कापता येते हे मला मान्य आहे. तरीही गाठ कापलेले जाळे शेजारच्या गावात विकणे खूण नसलेल्या जाळ्याइतके सोपे राहत नाही.

आणि राखण. येथे तवा धरणाची आठवण करणे अगत्याचे आहे. मध्य प्रदेशातल्या त्या धरणात 44 गावे बुडाली. विस्थापित आदिवासी आपल्याच बुडालेल्या शेतावरच्या पाण्यात मासे धरीत, तर चोर ठरत. साथी सुनील आणि किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यानंतर 1996 साली जलाशयावरील मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी संघाला मिळाला. कालचे चोर जलाशयाचे राखणदार झाले आणि गस्तीचे काम त्यांनीच अंगावर घेतले. डिसेंबर 2006 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचे कारण देऊन तो हक्क संपविण्यात आला, ती कहाणी निराळी आहे. आपल्यासाठी त्यातला एवढाच भाग पुरे, की पाणी आपले वाटले तर माणसे रात्र जागवितात. पाळीने दोन-दोन माणसांची एक होडी, एक विजेरी आणि गस्तीच्या रात्रीचा ठरावीक भत्ता निधीतून, एवढ्यावर आरंभ करता येईल. गस्त घालणाऱ्यांनी कोणालाही मारहाण करावयाची नाही, हे पहिल्याच ठरावात लिहावे. काठावर जाळे टाकणारा प्रत्येक परका माणूस चोर नसतो. त्यांतले काही आपल्या संस्थेने सभासद करून न घेतलेलेच असतात, आणि त्यांच्या अर्जांचे काय झाले हे आपण स्वतःला विचारावयास हवे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी होतात. त्या सभेपुढे उपविधीच्या दुरुस्तीचा मसुदा ठेवावयाचा तर नोंदवहीचे काम पावसाळ्याआधी संपले पाहिजे. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपापल्या संस्थेतील दहा घरी जावे आणि तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गेल्या दोन वर्षांत जाळे किती वेळा गेले, पोलिसांत किती वेळा नोंद झाली, आणि नव्या जाळ्याचा पैसा कोणाकडून आला. तिसरे उत्तर घरातल्या बाईला विचारावे. हिशेब तिच्याजवळ असतो.